मोनोटाइप कॉर्सिवा : प्रशस्तिपत्रकाच्या चौकटीबाहेर

टाकदौत

ज्याने म्हणून कधी वर्ड उघडलंय, त्याने कॉर्सिवा हा फॉन्ट पाहिलेला आहे. शाळेचं प्रशस्तिपत्रक, सोसायटीच्या क्रीडास्पर्धेचं सन्मानचिन्ह, इंग्रजी लग्नपत्रिका, हॉटेलच्या मेनूकार्डाचा मथळा. इंग्रजी मजकुराला जरा ठेवणीतलं रूप द्यायचं म्हटलं की हाच फॉन्ट निवडला जातो. इतक्या ठिकाणी दिसतो म्हणूनच अक्षरांची जाण असलेली मंडळी त्याला नाक मुरडतात. मला हा त्या अक्षरावर अन्याय वाटतो. अक्षर उत्तम आहे, ते कसं वापरायचं हे आपल्याला कुणी दाखवलं नाही. म्हणून हा धागा.

आधी त्याचं कूळ सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच येतं. फ्लॉरेन्सचा निक्कोलो निक्कोली (१३६४–१४३७) हा ग्रंथवेडा माणूस. प्राचीन लॅटिन ग्रंथ मिळवायचा आणि स्वतःच्या हाताने उतरवून काढायचा. उतारे भराभर व्हावेत म्हणून १४२० च्या दशकात त्याचं अक्षर चिंचोळं झालं, उजवीकडे कललं, टाक कमी उचलायला लागलं. पुढे पोपच्या कचेरीतल्या लेखनिकांनी हे वळण घोटून घोटून देखणं केलं. एप्रिल १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने व्हर्जिलचं काव्य छापलं ते अख्खंच्या अख्खं याच वळणाच्या टायपात. पंच, म्हणजे टाइप ओतण्यासाठी लागणारे अक्षरांचे मूळ धातूचे ठसे, कोरले होते फ्रांचेस्को ग्रिफोने. आज इटॅलिक म्हणजे एखाद्या शब्दावर जोर द्यायचं साधन, पण जन्मतः ते पूर्ण पुस्तकाचं अक्षर होतं, तेही हातात मावणाऱ्या लहान आकाराच्या काव्यग्रंथांचं.

त्या कचेरीतलाच एक लेखनिक लुदोव्हिको आर्रिगी. त्याने रोममध्ये 'ला ओपेरिना' नावाचा कित्ता काढला, त्यावर साल आहे १५२२. उगो दा कार्पीने त्याची पानं लाकडी ठोकळ्यांवर कोरली. आर्रिगी सांगतो की सगळी लहान अक्षरं दोनच फटकाऱ्यांपासून सुरू होतात, एक आडवा जाड आणि दुसरा टोकदार बारीक. आणि अक्षराचं अंग चौरसात बसवायचं नाही, कललेल्या लांबट चौकोनात बसवायचं. ही दोन सूत्रं डोक्यात ठेवून कॉर्सिवाकडे पाहा, सगळा उलगडा होतो.

कॉर्सिवा १९९१ चा. मोनोटाइप या टाइप कंपनीच्या पॅट्रिशिया साँडर्स यांनी तो आर्रिगीच्या वळणावर रेखला. १९८२ मध्ये रॉबिन निकोलस यांच्याबरोबर एरियल करणाऱ्या त्या याच. एकीकडे अगदी निर्विकार एरियल, दुसरीकडे हा. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

आता त्याचा स्वभाव. लहान 'एन' मोठा करून पाहा. टाइम्सच्या उभ्या 'एन'मध्ये कमान खांबाच्या डोक्यापाशी फुटते. कॉर्सिवात ती पायथ्याजवळून निघते, खांबाला धरून वर चढते आणि मग वळते, कारण टाक उचललेलाच नाही. अक्षराच्या टोकांना ठोकून बसवलेल्या पट्ट्या नाहीत. टाक कागदावर टेकताना आणि निघताना जी बारीक लकेर उमटते, तीच त्याची सेरिफ. लहान 'ए' एकमजली (नुसतं पोट, वर कमान नाही), 'ओ' लंबगोल, 'एफ'चं शेपूट ओळीखाली उतरलेलं. मधलं अंग लहान आणि वर-खाली जाणारे दांडे लांब, त्यामुळे दोन ओळींच्या मधे हवा खेळते.

कॅपिटल अक्षरं मात्र वेगळ्या प्रकृतीची आहेत, ऐटदार, फराटे काढलेली. ती मुख्यतः शब्दाच्या आरंभी यावीत म्हणूनच काढली आहेत, असं मोनोटाइपच्या माहितीतही दिलेलं आहे. आपण नेमकं उलट करतो. 'सर्टिफिकेट ऑफ मेरिट' पूर्ण कॅपिटलमध्ये टाकतो, वर ठळकचं बटण दाबतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येणारी कॉर्सिवाची फाइल एकच आहे, तिच्यात ठळक रूप नाही. संगणक मग बाहेरून काजळ चढवतो आणि जाड-बारीक रेषेतला सगळा फरक बुजतो. अक्षरांमधलं अंतर वाढवणं हेही तसंच. धावत्या हाताची अक्षरं एकमेकांपासून तोडली की लयच जाते.

माझं काम असं आहे. मावशीच्या मराठी कवितांचं इंग्रजी भाषांतरासह छोटं पुस्तक काढतोय. डाव्या पानावर मूळ कविता, उजवीकडे इंग्रजी. इंग्रजीसाठी कॉर्सिवा घ्यावा असं मनात आहे. आठ-दहा ओळींच्या कविता आहेत, दोन-तीन मोठ्या. देवनागरी कोणता घ्यावा, आणि कॉर्सिवाचा तुमचा अनुभव काय, दोन्ही सांगा.

---

नदीकाठ

लेख आवडला, पण पटला नाही. आमच्या शाळेत वर्षानुवर्षं प्रशस्तिपत्रकं याच फॉन्टात निघतात. मुलांची नावं त्यात वाचताना पालक अडखळतात. कवितेला सौंदर्यच हवं असेल तर टाइम्स तिरका करा. तोही इटॅलिकच ना?

---

टाकदौत

नदीकाठताई, टाइम्सचं इटॅलिक निवडलंत तर ते स्वतंत्र काढलेलं अक्षर आहे, ते चांगलंच आहे. पण नुसतं उभं अक्षर ढकलून कलतं केलं, तर त्यात हाताची चाल येत नाही. यावर मोठा वाद होऊन गेलाय. मोनोटाइपचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन यांनी १९२६ मध्ये मांडलं होतं की आदर्श इटॅलिक म्हणजे कललेलं रोमनच असावं, म्हणजे दोन्ही एका घरची दिसतील. एरिक गिल यांच्या पर्पेटुआ या टायपावर त्यांनी तो प्रयोग करून पाहिला. पण पर्पेटुआचं जे इटॅलिक शेवटी बाजारात आलं, त्यात हाताच्या वळणाच्या खुणा परत आल्या. मला यातून एवढंच दिसतं की डोळ्याला ती चाल हवी असते.

नावं वाचता न येण्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. नावं पूर्ण कॅपिटलमध्ये असतात का? असतील तर फक्त पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून बाकीचं नाव लहान अक्षरांत काढून पाहा.

---

नदीकाठ

हो, पूर्ण कॅपिटलमध्येच असतात. यादीच तशी येते. करून बघते.

---

जुळारी

मी गिरगावात खिळे जुळवायचं काम केलं आहे, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. कॅपिटलबद्दल एक भर घालतो. आल्दुसच्या त्या व्हर्जिलमध्ये कॅपिटल अक्षरं कललेली नव्हतीच. लहान अक्षरं कलती आणि कॅपिटल उभी, तीही बुटकी. कॅपिटल कलायला लागली ती नंतर. म्हणजे कॅपिटल आणि इटॅलिक यांचा संसार मुळातच जमवून आणलेला आहे. फराटेवाल्या कॅपिटलची रांग लावली की ती एकमेकांच्या अंगावर का येतात, त्याचं कारण हेच.

धातूच्या खिळ्यात आणखी एक दुखणं असायचं. इटॅलिक 'एफ'चं डोकं आणि शेपूट खिळ्याच्या अंगाबाहेर डोकवायचं, शेजारच्या खिळ्यावर टेकायचं. दाब जरा जास्त झाला की तेवढंच मोडायचं. पेटीतले 'एफ' सगळ्यांत आधी संपायचे. म्हणून इटॅलिकच्या पेटीला आम्ही जपून हात लावायचो. संगणकावर हे भय राहिलं नाही, त्यामुळे कुणीही कुठेही फराटा टाकतो.

ग्रिफोबद्दल दोन शब्द लिहायला हवे होते. पंच कोरणारा तो, आणि व्हेनिसच्या सरकारकडून १५०२ मध्ये त्या टायपाचा हक्क मिळाला आल्दुसला. ग्रिफो मग फानो गावी गेला आणि १५०३ मध्ये जेर्शोम सोंचिनोसाठी नवं इटॅलिक कोरून दिलं. फ्रान्समधल्या लिआँच्या छापखान्यांनी तर आल्दुसच्या पुस्तकांच्या सरळ नकला काढल्या. कोरणाऱ्याचं नाव मागे पडतं याचं मला आजही वाईट वाटतं.

---

टाकदौत

जुळारीकाका, मोडलेल्या 'एफ'ची माहिती कुठल्या पुस्तकात सापडली नसती. ग्रिफोबद्दल पूर्ण सहमत.

---

समासरेषा

कॉर्सिवाचा विषय निघाला आणि झाफ चॅन्सरीचं नाव कुणी घेतलं नाही? जर्मन अक्षरकार हर्मन झाफ यांचा आयटीसी झाफ चॅन्सरी हा फॉन्ट १९७९ चा. ॲपलच्या लेझररायटर प्लस प्रिंटरमध्ये १९८६ साली जे पस्तीस फॉन्ट आले, त्यांत त्याचं मीडियम इटॅलिक हे एकच रूप होतं. मूळ कुटुंबात हलकी, मध्यम, ठळक अशी बरीच रूपं आहेत, पण जगाला माहीत झालं ते एवढं एकच. कॉर्सिवाच्या अक्षरांच्या रुंद्या याच रूपाशी जुळवून ठेवलेल्या आहेत, म्हणजे एकाच्या जागी दुसरा आला तरी ओळी तुटत नाहीत. एरियल-हेल्व्हेटिकाची जोडी आहे, तशीच ही.

मी लाटेक वापरते, पुस्तकाची पानं जुळवायची मुक्त संगणकप्रणाली. तिथे टेक्स जायर कोरस नावाचा मुक्त फॉन्ट मिळतो, तो यूआरडब्ल्यू या टाइप कंपनीच्या चॅन्सरीवरून केलाय. परवान्याची काळजी नको. छंद म्हणून पुस्तक काढत असाल तर तोही पाहा. कॉर्सिवाच्या कॅपिटलपेक्षा याची कॅपिटल शांत आहेत, कवितेची प्रत्येक ओळ कॅपिटलने सुरू होणार असेल तर हा फरक फार जाणवेल.

---

टाकदौत

समासरेषा, शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. भाषांतरात प्रत्येक ओळ कॅपिटलने सुरू होते. डाव्या कडेला फराट्यांची माळच लागेल. हे डोक्यात आलं नव्हतं. ओळींचं पहिलं अक्षर लहान ठेवायला भाषांतरकर्तीची हरकत नसावी, विचारतो.

---

माइनकाठची

मी जर्मनीत ऑफनबाखजवळ राहते. इथे क्लिंगस्पोर संग्रहालय आहे, अक्षरकला आणि ग्रंथकलेचं. अक्षरकार रुडॉल्फ कॉख याच गावच्या क्लिंगस्पोर फाउंड्रीत, म्हणजे टाइप ओतायच्या कारखान्यात, काम करायचे. झाफ यांनी (१९१८–२०१५) तरुणपणी कॉख आणि एडवर्ड जॉन्स्टन यांची पुस्तकं समोर ठेवून स्वतःच सुलेखन शिकून घेतलं, कुठल्या गुरूच्या हाताखाली नाही. म्हणजे आर्रिगीच्या कित्त्यापासून जॉन्स्टनच्या १९०६ च्या पुस्तकापर्यंत ही विद्या बरीचशी कागदावरून कागदावर चालत आली आहे.

टाकाने लिहिलेली मूळ पानं समोरून पाहिली की शाईची घनता जागोजागी बदललेली दिसते. टाक भरल्यावरचा पहिला शब्द गडद, पुढे पुढे फिकट. फॉन्टमध्ये प्रत्येक 'ए' सारखाच काळा. म्हणूनच मला वाटतं की या जातीचा फॉन्ट पानभर सलग वापरला तर डोळा कंटाळतो. हाताच्या लिखाणाची आठवण करून देणारं अक्षर आहे, पण दर वेळी तंतोतंत तेच. थोडक्यात असेल तर हा दोष लपतो.

---

शाईवेडा

वरच्या प्रतिसादाला उपाय म्हणून ॲडोबीचा पोएटिका सुचवतो. रॉबर्ट स्लिमबाख यांनी १९९२ मध्ये केलेला. एकाच अक्षराची अनेक रूपं, आरंभीची वेगळी, शेवटची वेगळी, नुसत्या 'अँड'च्या चिन्हाचीच ५८ रूपं आहेत. निवडत बसायला संयम लागतो, पण 'प्रत्येक ए सारखा' ही तक्रार बरीच कमी होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी तरी विचार करा.

---

रेडियम_कटिंग_सांगली

मी दुकानवाला माणूस. ट्रॉफी, नेमप्लेट, गाडीवरचं रेडियम, काचेवरची नावं. दहातली निम्मी गिऱ्हाइकं 'ते पत्रिकेतलं अक्षर' मागतात, म्हणजे कॉर्सिवाच. कामातलं सांगतो.

रेडियम कापताना बारीक लकेरी वाऱ्यावर उठतात, आधी शेपट्या सुटतात आणि मग अख्खं अक्षर. नावाची उंची इंचभर नसेल तर मी सरळ नाही म्हणतो. ॲक्रिलिकवर लेझरने कोरायला मात्र हे अक्षर झकास. बारीक रेषाही स्वच्छ येते, जाड रेषेत पांढरा भरगच्च उतरतो. पत्रिकेवर सोनेरी फॉइल करणार असाल तर लहान आकारात करू नका, 'ई'चा डोळा भरून जातो. आणि फाइल देताना कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषाकृती करून. आमच्या मशीनवर फॉन्ट नसला की संगणक त्याच्या मनाने दुसरा टाकतो आणि रात्री फोन येतात.

---

टाकदौत

दादा, तुमचं सगळं टिपून ठेवलं. मुखपृष्ठावर सोनेरी फॉइलचा विचार होता. आता फक्त शीर्षकाला, तेही मोठ्या आकारात.

---

मोडीवाचक

या धाग्यावर मोडीचा उल्लेख झालाच पाहिजे. कारण मोडीही कचेरीचं अक्षर. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. दफ्तरातला कागद वेळेवर निघाला पाहिजे ही गरज रोममध्ये होती तीच पुण्यात. मोडीचाही टाइप झाला. सेरामपूरला विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी टायपातच छापला गेला.

फरक पुढे पडला. इटलीत कचेरीचं धावतं अक्षर आणि ग्रंथाचं उभं अक्षर एकाच पुस्तकात शेजारी शेजारी नांदायला लागली, म्हणून दोन्ही टिकली. आपल्याकडे छापखान्यात बालबोध आली आणि मोडी कागदपत्रांपुरती राहिली. बालबोध आणि मोडी एका पानावर, एक मजकुराला आणि एक जोर द्यायला, अशी पुस्तकं निघाली असती तर आज देवनागरीला संगणकावर जबरदस्तीने तिरकं करायची वेळ आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

---

नदीकाठ

मोडीचा मुद्दा फार आवडला. यावर वेगळा धागा काढा ना.

---

पुस्ती

मूळ प्रश्नाकडे येते, शेजारी देवनागरी कोणता. मी दोन्ही लिप्यांचं सुलेखन शिकवते.

रोमनसाठी रुंद टाक ज्या कोनात धरतात, त्यात डावीकडून वर चढणारी रेष बारीक पडते आणि डावीकडून खाली उतरणारी जाड. देवनागरीच्या बोरूचं टोक परंपरेने उलट्या बाजूला तिरकं कापतात. त्यामुळे जाड-बारीक यांच्या जागा बदलतात. म्हणजे कॉर्सिवाच्या रेषेशी जुळणारी रेष देवनागरीत शोधायला गेलात तर देवनागरीच बिघडेल. असे प्रयोग पाहिलेत, 'क' आणि 'फ' पाय घसरल्यासारखे दिसतात. जुळवायच्या तर दोन गोष्टी जुळवा. पान थोडं लांब धरून डोळे बारीक केल्यावर दोन्ही बाजूंचा करडेपणा सारखा दिसला पाहिजे. आणि लहान रोमन अक्षराचं मधलं अंग देवनागरीच्या शिरोरेषेखालच्या अंगाशेजारी केविलवाणं दिसता कामा नये. कॉर्सिवाचं मधलं अंग लहान आहे, म्हणून तो देवनागरीपेक्षा दोन-तीन पॉइंट मोठा घ्यावा लागेल.

माझी शिफारस टिरो देवनागरी मराठी. गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे, जाड-बारीक रेषा आहे, पुस्तकासाठीच केलेला आहे. त्याच्यासोबत मुद्दाम काढलेलं कलतं रूपही येतं, त्यामुळे अर्पणपत्रिकेत एखादा शब्द कलता हवा असेल तर संगणकाच्या बटणाची गरज नाही. 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट मला एरवी फार आवडतो, पण त्याची रेष जवळपास एकसारख्या जाडीची, कॉर्सिवाशेजारी तो परका वाटेल. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट नको. र. कृ. जोशींचं काम मोठं आहे, पण मंगल पडद्यावर वाचण्यासाठी आहे, कवितेच्या छापील पानासाठी नाही.

मोठ्या कविता कॉर्सिवात लावू नका. माइनकाठची म्हणतात ते बरोबर आहे. सेंटॉर या फॉन्टसोबत येणारा फ्रेडरिक वॉर्ड यांचा 'आर्रिगी' नावाचा फॉन्ट मिळाला तर पाहा. तोही त्याच कित्त्यावरचा, पण संथ, सलग वाचायला सोपा. नाहीतर ईबी गॅरामंडचं इटॅलिक, तेही मोफत.

---

समासरेषा

+१. देवनागरी १२ पॉइंट आणि कॉर्सिवा १५ असं लावून पाहिलं, शेजारी छान बसतात. ओळींमधलं अंतर दोन्हीकडे २० पॉइंट ठेवलं तर समोरासमोरच्या ओळी एका रेषेत येतात.

---

टाकदौत

सगळ्यांचे आभार. भाषांतरकर्तीशी बोललो, ओळींची पहिली अक्षरं लहान ठेवायला ती तयार आहे. वाक्याचा आरंभ तेवढा कॅपिटल. लगेच सगळं पान हलकं झालं, आणि जिथे फराटा येतो तिथे तो खरोखर काहीतरी सांगतो.

ठरलं ते असं. छोट्या कविता कॉर्सिवा १५ वर २०. तीन मोठ्या कविता ईबी गॅरामंडच्या इटॅलिकमध्ये. मराठीला टिरो देवनागरी मराठी १२ वर २०. छोट्या कवितांसाठी मी कॉर्सिवाचा हट्ट सोडला नाही, कारण आल्दुसने हे अक्षर कवितेसाठीच बाहेर काढलं होतं आणि आठ ओळींत डोळा थकत नाही. कागद जरा पिवळसर, गुळगुळीत, चकाकी नसलेला. खरखरीत कागदावर बारीक लकेरी तुटत होत्या, प्रेसमध्ये नमुना काढून पाहिला.

एक प्रश्न उरतो. पानांचे आकडे कुठल्या लिपीत?

---

जुळारी

दोन्ही पानांवर देवनागरीच ठेवा, टिरोमधले. डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी आकडे असलेली पुस्तकं मी जुळवली आहेत, बांधणीवाला हमखास गोंधळतो. आणि आकडे पानाच्या मधोमध खाली, कॉर्सिवाच्या शेवटच्या ओळीपासून निदान दोन ओळी सोडून. त्याच्या 'वाय' आणि 'जी'च्या शेपट्यांना जागा लागते.